माळाला साजेल तो ससाणा

शिकारी पक्षी हातावर वागवण्याची विद्या आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः जुन्या दरबारी चित्रांतून. चित्रात मनगटावरचा पक्षी धन्याच्या वैभवाची खूण म्हणून बसलेला असतो. त्यामुळे पक्षी जितका मोठा तितका तो उत्तम, हा समज नकळत रुजला आहे. जुन्या राजेशाहीबद्दल कौतुकाने लिहिणारे आणि आजचे हौशी वाचक, दोघेही हाच समज धरून बोलतात. हे पुस्तक त्याच्या विरोधात उभे आहे. ससाणा, बाज, शिक्रा यांच्यापैकी योग्य पक्षी कोणता आणि तो केवढा असावा, याचे उत्तर माणसाच्या मानमरातबात सापडत नाही. ते तीन मापांनी ठरते: सावज केवढे आहे, रान कसे आहे आणि पक्ष्याचे शरीर किती वेळ भूक सोसू शकते. या तिन्हींत न बसणारा पक्षी कितीही देखणा असला तरी तो चुकीच्या हातावर बसलेला आहे. हा मुद्दा हवेत राहू नये म्हणून या प्रस्तावनेत जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि भोवतालचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे. आकाराचा प्रश्न नुसत्या पक्ष्याकडे पाहून सुटत नाही. आधी जमीन पाहावी लागते.

हा विषय या भूमीला परका आहे, असे कुणाला वाटू शकेल. वस्तुस्थिती तशी नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे आणि सातवाहनकाळातले हे भरभराटीचे नगर उत्खननाने उजेडात आणले आहे. पुढे हा सारा प्रदेश ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने करावयाचे वीस विनोद त्यात सांगितले आहेत आणि ‘श्येनविनोद’ हा त्यांपैकी एक आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या राजाने ससाण्याची शिकार ही शास्त्र म्हणून नोंदवण्याजोगी मानली होती. शिवकाळातील अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना आहे. त्यानंतर इंग्रजी अमलात थॉमस जर्डन हा सैन्यातला डॉक्टर आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर जालन्याच्या छावणीत येऊन राहिला. भारतीय पक्ष्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. कोणता शिकारी पक्षी कोणत्या सावजावर सोडतात, याच्या त्यातल्या नोंदी आजही अभ्यासकांना आधाराला घ्याव्या लागतात. या नोंदींचे मोल असे की त्या दरबाराच्या थाटामाटापेक्षा पक्ष्याच्या कामाकडे पाहून लिहिल्या आहेत.

आता जमिनीकडे वळू. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे, गावालगत केळना वाहते, आणि बाकी सारा मुलूख काळ्या मातीचा आहे: कपाशी, मका, सोयाबीन, बांधावरच्या बाभळी, मधूनमधून उघडे बरड. अशा रानात शिकारी पक्ष्याच्या आवाक्यातले सावज म्हणजे लावे, तित्तर, होले, पारवे. लाव्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, तित्तराचे अडीचशे-तीनशे ग्रॅम. लावा पायाखालून भुर्रकन उठतो, पिकावरून शे-दोनशे हात उडतो आणि पुन्हा पिकात शिरतो. तित्तर उडण्यापेक्षा धावणे पसंत करतो आणि काटेरी झुडूप गाठले की सुटतो. म्हणजे इथला पाठलाग थोड्या अंतराचा आणि थोड्या क्षणांचा असतो. आपल्याकडच्या जुन्या जाणकारांनी शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग केले होते. गुलाबचश्म म्हणजे फिकट किंवा तांबूस डोळ्यांचे, आखूड रुंद पंखांचे आणि लांब शेपटीचे: बाज, शिक्रा, बेसरा, बाशा. सियाहचश्म म्हणजे काळ्या डोळ्यांचे, लांब टोकदार पंखांचे: बहिरी, शाहीन, लग्गड, तुरमती. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथातही डोळ्यांवरूनच ही विभागणी केलेली आहे. वरवर ती रंगाची वाटते, पण प्रत्यक्षात ती रानाची विभागणी आहे. पहिल्या वर्गाचे पक्षी हातावरून झेपावून जवळच्या पाठलागात सावज गाठतात. दुसऱ्या वर्गाला मोकळे आकाश लागते. शाहीन हातावरून थेट सावजावर सोडत नसत. तो माणसांच्या डोक्यावर उंच घिरट्या घालत राही आणि सावज उठवले की वरून कोसळे, असे जर्डनने नोंदवले आहे.

या वर्णनातच उत्तराचा मोठा भाग येऊन गेला. बांधाबांधांनी तुटलेल्या, पिकांनी भरलेल्या मुलखात लाव्यामागे जायचे तर दीडशे ते दोनशे ग्रॅमचा शिक्रा हेच माप. तो इतका लहान असतो की त्याला मुठीत धरून, लावा उठताच भाल्यासारखा फेकत. त्यामुळे त्याला सुरुवातीचा वेग आयता मिळे. किलोभराच्या बाजाबाबत ही कल्पनाच करता येत नाही. लहान शरीराला वेग लवकर घेता येतो आणि कमी जागेत वळता येते. मोठे शरीर वेगात आले की त्याला वळायला मोठे वर्तुळ लागते, आणि तोवर लावा मक्याच्या ताटांत दिसेनासा झालेला असतो. शिवाय बाज हा मुळात हिमालयातला आणि थंड प्रदेशांतल्या जंगलांतला पक्षी. दख्खनच्या उन्हाळ्यात त्याला राखणे म्हणजे त्याच्या प्रकृतीशी रोज भांडणे होय. अजिंठ्याच्या रांगेकडच्या मोकळ्या बरडावर मात्र हिशेब बदलतो. तिथे नजर दूरवर जाते, पारव्यांचे थवे उघड्यावर उडतात आणि वरून कोसळणाऱ्या पक्ष्याला वाव मिळतो. तिथे शाहीन साजेल. शाहीन हा द्वीपकल्पातल्या कड्यांवर घरटे करणारा, बहिरी ससाण्याचाच इथला रहिवासी आणि काहीसा लहान प्रकार. तुरमती त्याहून लहान, आणि जर्डनच्या नोंदीप्रमाणे तिला विशेषकरून नीलकंठावर सोडत. एकाच तालुक्यात दोन रानांना दोन निरनिराळी मापे लागतात. म्हणूनच कोणता पक्षी श्रेष्ठ असा प्रश्न विचारणेच चुकीचे ठरते.

आकाराचा विचार जाती-जातींपुरताच नाही, एका जातीच्या आतही तो करावा लागतो. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते, आणि उडत्या पक्ष्यांवर जगणाऱ्या जातींत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. बहिरीचा नर सहाशे ग्रॅमच्या आसपास, तर मादी नऊशेच्या पुढे. बाशाची मादी नराच्या जवळजवळ दुप्पट वजनाची भरू शकते. हा फरक जुन्या व्यवसायाला इतका महत्त्वाचा वाटे की नर आणि मादी यांना दोन स्वतंत्र पक्षी समजत. बाजाची मादी म्हणजे बाज आणि नर म्हणजे जुर्रा. शिक्ऱ्याची मादी शिक्रा आणि नर चिपक. बेसऱ्याचा नर धोती, तुरमतीचा नर चेटवा. हे नुसते नावांचे कौतुक नव्हते. खुराक वेगळा, किंमत वेगळी आणि काम वेगळे, म्हणून नावही वेगळे. जुर्रा हलका आणि चपळ, म्हणून तित्तरावर तो अधिक नेमका बसे. जड बाज मोठ्या सावजासाठी राखला जाई. ज्याला आज केवळ पुस्तकावरून हा विषय समजून घ्यायचा आहे, त्याने जातीचे नाव वाचून थांबू नये. नर की मादी हे विचारल्याशिवाय आकाराचे उत्तर अर्धेच राहते.

तिसरे माप भुकेचे. ते सर्वांत कमी चर्चिले जाते आणि खरे तर तेच सर्वांत निर्णायक आहे. माणसाकडे परत येण्यासाठी पक्ष्याला भूक असावी लागते. पोट भरलेला पक्षी झाडावर बसून राहतो, फार उपाशी पक्षी अशक्त होतो. या दोन टोकांच्या मधल्या वजनात त्याला ठेवणे हीच या विद्येची कसोटी. आता साधा हिशेब करू. अकराशे ग्रॅमच्या बाजाचे वजन दहा ग्रॅमने घटले तर तो एक टक्काही नाही. दीडशे ग्रॅमच्या शिक्ऱ्याचे तेच दहा ग्रॅम घटले तर ती जवळजवळ सात टक्क्यांची घट आहे, आणि थंडीच्या एका रात्रीत ती त्याच्या जिवावर बेतू शकते. लहान चुलीतला जाळ लवकर पेटतो आणि लवकरच विझतो, तसे लहान शरीराचे असते. याचा उत्तम पुरावा चारशे वर्षांपूर्वीच्या दफ्तरात आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी पक्ष्यांचा रोजचा खुराक नोंदवला आहे. बाजाला सात दाम वजनाचे मांस, जुऱ्याला सहा, बहिरीला पाच, बाशाला तीन, आणि शिक्रा, बेसरा, धोती या लहानग्यांना दोन. दामाचे वजन सुमारे एकवीस ग्रॅम. त्याशिवाय दिवस मावळताना चिमण्या दिल्या जात, बाजाला सात आणि लहानग्यांना दोन. बाजाचे शरीर शिक्ऱ्याच्या निदान सहापट, पण त्याचा खुराक मात्र साडेतीनपटच. म्हणजे वजनाच्या प्रमाणात पाहिले तर शिक्ऱ्याचा घास बाजाच्या पावणेदोनपट पडतो. १९३२ साली माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या शरीराची उष्णतेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते, असे दाखवले. त्या नियमाने सहापट वजनाला सुमारे चौपट अन्न लागते. अकबराच्या शिकारखान्यातल्या माणसांनी गणिताशिवाय, रोजच्या पाहण्यातून, जवळपास तेच प्रमाण गाठले होते. अनुभवाच्या ज्ञानाला हा आदर द्यायलाच हवा.

यावर एक जोरदार आक्षेप येतो. लहान पक्षी इतका नाजूक असेल, तर हिंदुस्थानात शिकाऊ माणसाच्या हातावर शिक्राच का बसवत? तो स्वभावाने लवकर माणसाळतो, सर्वत्र सापडतो आणि थोड्या दिवसांत तयार होतो, हे खरेच आहे. आकाराच्या मानाने त्याची हिंमतही अशी की लाव्यांपासून तित्तरांपर्यंत आणि कावळ्यांपर्यंत तो झेपावे. पण या उत्तरात दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, तो शिकाऊ माणूस एकटा नसे. दिवसातून चार वेळा पक्ष्याच्या छातीच्या हाडावर बोट फिरवून मांस किती उरले आहे हे सांगणारा उस्ताद शेजारी असे, आणि तराजूचे काम ते बोट करी. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. आईनच्या किंमतीच्या यादीत बाज अव्वल आहे आणि शिक्रा फार खाली. शिक्रा मेला तर फारसे काही बिघडत नसे, कारण बाभळीच्या बनात दुसरा होताच. म्हणजे नवशिक्याच्या चुकीची किंमत पक्षी भरत होता आणि ती किंमत हिशेबात धरली जात नव्हती. परंपरेचा मान ठेवूनही हा भाग नाकारला पाहिजे. ‘लहान म्हणून सोपा’ हे वाक्य माणसाच्या खिशाच्या बाजूने खरे आहे, पक्ष्याच्या जिवाच्या बाजूने खोटे आहे. मध्यम आकाराचा, चुकीला थोडी जागा देणारा पक्षी हाच शिकाऊ माणसासाठी न्याय्य पर्याय ठरतो.

उलट बाजूचा आक्षेप सामर्थ्याचा आहे. मोठ्या पक्ष्याला लहान सावजही मारता येते आणि मोठेही, मग थोरला का घेऊ नये? इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथात तर पक्षी माणसांच्या दर्जानुसार वाटून दिलेले आहेत: सम्राटाला गरुड, राजाला मोठा ससाणा, आणि उतरत्या क्रमाने खालच्या दर्जाच्या माणसांना लहान पक्षी. अशा यादीत निसर्ग शोधायला जाऊ नये. ती समाजाची उतरंड आहे. खरे सामर्थ्य पाहायचे तर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात पाहावे. तिथे कझाक लोक चार-पाच किलोंचा सोनेरी गरुड घोड्यावरून वागवतात, कारण त्यांचे सावज कोल्हा आहे, भुई उघडी आहे, हिवाळा कडक आहे आणि कातडीची गरज खरी आहे. तिथे एवढा मोठा पक्षी हे बरोबर माप आहे. तोच गरुड केळनाकाठच्या कपाशीत लाव्यामागे सोडला तर तो उडेपर्यंत लावा दडलेला असेल, आणि गरुडाचे पोट भरण्यासाठी माणसाला स्वतःच मांस विकत आणावे लागेल. पक्षी मिळवण्यापेक्षा खातो जास्त, तेव्हा ती शिकार उरत नाही, निव्वळ प्रदर्शन उरते. सामर्थ्य हे नेहमी कशासाठी या प्रश्नाला बांधलेले असते. त्या प्रश्नापासून सोडवलेले सामर्थ्य पक्ष्यालाही जड होते आणि माणसालाही.

याहून मूलभूत आक्षेप असा की हा सारा खटाटोप आज कशासाठी? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी रानातून पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरवला आहे. तो कायदा योग्यच आहे, आणि या पुस्तकातले एकही पान त्याच्या विरोधात वाचले जाऊ नये. लग्गड ससाणा एके काळी दख्खनच्या माळांवर सर्रास दिसे. आज तो विरळ झाला आहे. माळ नांगरले जात असताना आणि कीटकनाशके साखळीतून वर चढत असताना रानातून एकही शिकारी पक्षी हौसेसाठी काढण्याचा अधिकार कुणाला नाही. पण कायद्याने प्रथा थांबली म्हणून तिच्यातले ज्ञान निरुपयोगी झाले असे होत नाही. अमेरिकेत डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बहिरी ससाणा नाहीसा होत चालला, तेव्हा टॉम केड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० साली पेरेग्रिन फंड उभा केला. पिले वाढवून त्यांना रानात स्वतंत्र करण्याची त्यांची पद्धत थेट ससाणेपालनाच्या जुन्या विद्येतून आली होती. १९९९ साली तिथल्या सरकारने बहिरीला संकटग्रस्त यादीतून बाहेर काढले. २०१० साली युनेस्कोने ससाणेपालनाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले आणि २०२१पर्यंत त्यात चोवीस देश सामील झाले. भारत त्यांत नाही. असण्या-नसण्यापेक्षा आपल्यापाशी जे लिहून ठेवलेले ज्ञान आहे त्याचे आपण काय करतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचा उपयोग कुठे आहे, हे महाराष्ट्रातच दिसते. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांज्याने पंख कापलेले शिक्रे, घारी, घुबडे उपचार केंद्रांत येतात. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या ठिकाणी जखम भरून निघते. पण जखम भरणे आणि रानात जगण्याजोगे होणे यांत अंतर आहे. आठवड्यामागून आठवडे पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याचे स्नायू मऊ पडतात. त्याला लांब दोरीवर उडवून दमसास परत आणावा लागतो, हातावर बोलवावे लागते, आणि सोडण्याच्या दिवशी त्याचे वजन किती असावे हे ठरवावे लागते. हे सगळे जुन्या बाजदाराचे काम आहे. इथे आकाराचे गणित पुन्हा समोर येते. घारीला जो उपास चालतो तो शिक्ऱ्याला चालत नाही. नराला जो घास पुरेल तो त्याच्याच जातीच्या मादीला अपुरा पडेल. भोकरदनसारख्या तालुक्यात असा पक्षी सापडतो तेव्हा तो पहिल्यांदा एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या हाती येतो. लहान शिकारी पक्षी मोठ्यापेक्षा कमी वेळ उपाशी राहू शकतो, म्हणून त्याला उद्यावर न टाकता आजच वनखात्याकडे पोचवायला हवे. एवढी एक गोष्ट त्या माणसाला माहीत असली तरी एक जीव वाचू शकतो.

या पुस्तकाच्या पुढील प्रकरणांत प्रत्येक जातीची मापे, नर-मादीतले फरक, सावजांची वजने आणि रानांचे प्रकार विस्ताराने आलेले आहेत. ती प्रकरणे वाचताना वाचकाने एकच शिस्त पाळावी: पक्ष्याच्या डौलाकडे जाण्याआधी तो कोणत्या जमिनीवर, कशामागे आणि किती भुकेने उडणार आहे, हे विचारावे. ज्यांनी ही विद्या शतकानुशतके चालवली त्यांतल्या अनेकांना हे माहीत होते. दर्जा आणि देखावा यांनी ते झाकोळून टाकले. शिक्रा हा हलका पक्षी आणि बाज हा थोर पक्षी, ही दरबाराची भाषा होती. भोकरदनच्या बांधावर शिक्रा हा पुरेपूर मापाचा पक्षी आहे, आणि त्याला कमी लेखणे म्हणजे त्याच्या रानालाच न ओळखणे. आज त्याला हातावर घेण्याची गरज नाही. त्याचे माप जाणून त्याच्यासाठी झाडी असलेले बांध, लाव्यांना आसरा देणारी पडीक पट्टी आणि विषमुक्त शेत राखणे, ही या ज्ञानाची आजची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडणे भोकरदनच्या शेतकऱ्याच्या हातात आहे.